दाजींचा शॉकप

आमच्या दाजींच्या हातात पाना आला की घरातली एकही वस्तू आपल्या मूळ कामाची राहत नसे. दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. आयुष्यभर कचेरीत कारकुनी केली, पण मोटारसायकलीला परक्याचा हात लागलेला त्यांना खपायचा नाही. आमच्या शाहूपुरीत गाडीच्या मिस्त्र्यांचा काय तोटा आहे? पण नाव काढलं की म्हणायचे, "त्यास्नी काय कळतंय? नुसता हातोडा मारत्यात." आणि स्वतः आक्काच्या खलातला बत्ता घेऊन ठोकत बसायचे. मग त्या दिवशीच्या चटणीला ग्रीसचा वास. आक्का ताट पुढं सरकवायची, "खावा गुमान. तुमच्याच गाडीचं हाय."

गेल्या वर्षी गाडीच्या पुढच्या शॉकपमधून, म्हणजे खड्ड्याचे दणके झेलणाऱ्या नळीतून, तेल गळायला लागलं. आतलं रबरी सील गेलेलं. चाक काढायचं तर गाडी अधांतरी हवी, म्हणून दाजींनी पडवीतला झोपाळा उतरवला आणि त्याच्या कड्यांना गाडीचं तोंड टांगलं. बोल्ट सोडवताना आतली दांडी गरगर फिरू नये म्हणून नळीत झाडूचा दांडा ठोकला, नवं सील बसवायला नळाच्या पाइपाचा तुकडा घेतला, आणि तेल मोजायला आक्काच्या औषधाचं झाकण. ते झाकण मात्र नंतर साबणानं धूत बसायचे, वास जाईपर्यंत.

औषध होतं, कारण आक्काच्या हाडांत कॅन्सर शिरला होता. तिची एकच इच्छा राहिली होती. लग्न झाल्यापासून जायची तसं, दाजींच्या मागं बसून नृसिंहवाडीला जायचं. मी म्हटलं, माझी कार आहे की. तर म्हणाली, "कारीत बसून जायला मी पावणी हाय व्हय?" त्या घराची एक रीतच होती. दुरुस्ती झाली की आक्का मागं बसायची, गल्लीच्या तोंडाशी गतिरोधकावरून जाताना दणका बसतोय का म्हणून दाजी विचारायचे, "लागला का गं?" ती "न्हाय" म्हणाली की काम पास.

या वेळी ती म्हणाली, "लागला की जरासा." दाजींनी सगळं खोललं, तेल बदललं, सील पुन्हा बसवलं. पुन्हा फेरी. "लागला हो." पुन्हा गाडी कड्याला. शेवटी मीच वैतागलो, "अहो दाजी, गाडी चांगली झालीय आता!" तर माझ्यावरच ओरडले, "चांगली कुठली? तिला लागतंय की!"

दुखणं तिच्या हाडांत होतं आणि हा वेडा माणूस ते शॉकपात शोधत होता. आक्का गेली तेव्हा गाडी कड्यालाच होती. वाडी राहिली ती राहिलीच.

परवा गेलो तर झोपाळा जागेवर, गाडी अंगणात, आणि शॉकपवर तेलाचा ओघळ. तेलाचा थेंब दिसला तर भरल्या ताटावरून उठणारा माणूस! मी म्हटलं, "दाजी, सील गेलंय परत."

"गळू दे," ते म्हणाले. "मागं बसतंय कोण आता?"

मी त्यांना हाताला धरून उठवलं, चावी हातात दिली आणि मागं बसलो. "चला दाजी, वाडीला."

गल्लीच्या तोंडाशी दाजींनी गाडी अगदी हळू केली, तरी दणका थेट माकडहाडापर्यंत गेला. पुढं बघतच त्यांनी सवयीनं विचारलं, "लागला का गं?"

"न्हाय," मी म्हणालो. "अजिबात न्हाय."