गौरीच्या जेवणाला आलेला मासा

त्या वर्षी गौरीत आमच्या हॉलमधल्या चार फुटी टाकीत एकही मासा नव्हता, दिवे मात्र रोज लागत होते. येणारा प्रत्येक जण काचेला नाक लावून शोधायचा आणि विचारायचा, "मासे कुठंयत?" मी सांगायचे, "आजारी आहेत, मागच्या बाल्कनीत ठेवलेत." यावर जो हशा पिकायचा, तो मला आता पाठ झाला आहे. कोरोनात हीच माणसं दारं लावून घरात बसली होती, पण माशाचं विलगीकरण म्हटलं की त्यांना हसू आवरत नव्हतं.

जूनमध्ये दुकानदारानं "ताई, एकदम फ्रेश" म्हणून दिलेल्या एका माशाबरोबर आमच्या खाऱ्या पाण्यात परजीवी शिरले. माशांच्या अंगावर रवा चिकटल्यासारखे पांढरे ठिपके उठले. पाच मासे गेले आणि नारिंगी क्लाउनफिशचं एक जोडपं तेवढं उरलं. त्या दोघांना मी बाल्कनीतल्या छोट्या टाकीत हलवलं. तिथं वाळू नाही, दगड नाही, लपायला नळाच्या पाइपाचे दोन तुकडे. औषध तांब्याचं. कमी पडलं तर परजीवी मरत नाहीत, जास्त झालं तर मासाच मरतो, म्हणून रोज पाणी तपासायचं. मोठ्या टाकीत हे औषध चालत नाही, तिथली प्रवाळं आणि कोळंबी त्यानं मरतात. तिला एकच उपाय, माशांविना ठेवणं. वाळूतून निघालेल्या परजीवींना अंगावर बसायला मासा मिळाला नाही की ते उपाशी मरतात. त्याला अडीच महिने लागतात.

"सणाला रिकामी टाकी बरी दिसत नाही," सासूबाई म्हणाल्या. "दोन दिवस सोड त्यांना, मग काढ परत."

मी नाही म्हटलं. कारण सांगितलं, ते त्यांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी तेच परत म्हणाल्या. मी परत नाही म्हटलं.

सातपूरच्या कारखान्यात मी आलेला माल तपासते. गेटातून आत आलेली पेटी कितीही ओळखीच्या माणसाकडची असो, लाल पट्ट्याच्या आत थांबते. तपासल्याशिवाय ती मशीनकडे जात नाही. तिथं मला कुणी हेकट म्हणत नाही. घरी म्हणतात.

गौरी जेवायच्या दिवशी मोठे दीर, म्हणजे दादा, आणि जाऊबाई इगतपुरीहून आले. मी स्वयंपाकघरात पुरणपोळ्या लाटत होते. बाहेर एकदम टाळ्या वाजल्या. हात पुसत आले तर दादांच्या हातात प्लास्टिकची रिकामी पिशवी, तिच्यातून पाणी ठिबकतंय, आणि माझ्या टाकीत एक निळाशार टँग मासा गोंधळून काचेवर आपटतोय. पिशवीतलं दुकानाचं पाणीसुद्धा त्यांनी आत ओतलं होतं. अडीच महिने भरायला चार-सहा दिवसच उरले होते.

"बघ," दादा म्हणाले, "तुझी टाकी भरली. सगळं नाशिक पालथं घातलं याच्यासाठी."

मी पदर खोचला, स्टुलावर चढले आणि जाळी घातली.

"काय करतीस? आहेर हाय तो! आहेर असा बाहेर काढतात का?"

"दादा, आहेर आहे म्हणूनच काढतेय. जगायला हवा ना."

"राहू दे गं," सासूबाई कळवळल्या. नवरा भिंतीकडे बघत होता, तिथं बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"हात बाहेर काढ," दादा म्हणाले. "नायतर मी या घरात जेवणार नाय."

मी ऐकलं. घरातल्या थोरल्या माणसाला, सणाच्या दिवशी, भरल्या घरात नाही म्हणायची माझी ती पहिलीच वेळ होती. पण बाल्कनीतली ती दोघं पाइपात अंग दुमडून इतके दिवस बसली होती, ती काय यांच्या टाळ्यांसाठी? माझी जाळी थांबली नाही. टँग दगडामागे गेला, मी कोपरापर्यंत भिजले, शेवटी सापडला.

पण ठेवायचा कुठं? छोट्या टाकीत आता बरे झालेले मासे होते. माहेरून, घोटीहून आलेला तांदूळ ज्या मोठ्या डब्यात भरला होता, तो मी चादरीवर उपसला, डबा धुतला आणि तयार खारं पाणी त्यात ओतलं. गौरीसमोर तांदळाचा ढीग आणि तांदळाच्या डब्यात मासा. दादा चपला घालून गाडीत जाऊन बसले. जाऊबाई मात्र सावकाश जेवल्या आणि जाताना पोळ्या बांधून घेऊन गेल्या.

त्यानंतर सगळ्यांचं एकच पालुपद: फोन कर, माफी माग, मोठ्यांचा मान असतो. मी म्हणायचे, मान ठेवला की, त्यांचा मासा डब्यात ठेवलाय.

आठवड्याच्या आत टँगच्या निळ्या अंगावर पांढरे ठिपके आले. मी सासूबाईंना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून, डब्यावर वाकून बराच वेळ पाहिलं.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता सगळं पहिल्यापासून. मोठी टाकी परत अडीच महिने रिकामी."

त्या गेल्यावर मी क्लाउनफिशसमोर बसून रडले. त्यांचा काही दोष नव्हता, घरी जायला आले होते बिचारे. मग उठले आणि टँगसाठी तांब्याचं औषध मोजायला घेतलं. नवऱ्यानं एकदा सुचवलं, टँग दुकानात देऊन टाकू. मी म्हटलं, तो आता माझा पेशंट आहे.

दिवाळीतही टाकी रिकामीच होती. दादा आले नाहीत. मीही फोन केला नाही.

मार्गशीर्षात मी तिघांना हॉलमधल्या टाकीत सोडलं. टँगच्या अंगावर एक ठिपका नव्हता. क्लाउनफिश आधी कोपऱ्यात चिकटून राहिले, मग एकदम सगळी टाकी फिरून आले. मी फोटो काढला आणि दादांसाठी खाली लिहिलं, 'तुमचा आहेर आज टाकीत घेतला. बरा झालाय. जेवायला या. माफी मागणार नाही.'

नवऱ्यानं वाचलं आणि म्हणाला, "शेवटचं वाक्य काढ."

सासूबाईंनी त्याच्या हातातून मोबाइल घेतला, लांब धरून वाचला आणि माझ्या हातात दिला.

"काही काढू नकोस," त्या म्हणाल्या. "पाठव."