धर्मकाटा सर

सर कुणालाही 'कसं काय?' असं विचारत नसत आणि त्यांना कुणी विचारलं तर उत्तरात आकडा देत. नळदुर्गच्या रस्त्यावर चहा घेतला की पेला खाली ठेवता ठेवता म्हणत, "ह्या रस्त्यावरच्या चहांत सहावा." चहावाल्याचं तोंड उतरायचं. सरांना ते दिसायचं नाही, किंवा दिसायचं आणि त्याचं काही वाटायचं नाही. यातलं खरं कुठलं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांच्या पत्नी वारल्या तेव्हा कॉलेजातले सगळे भेटायला गेले होते. प्राचार्य रीतीप्रमाणे काहीतरी गोड बोलले. सर म्हणाले, "माझ्या आयुष्यात आलेल्या माणसांत ती दुसरी." मग पहिलं कोण, हे विचारायची तिथं कुणाची छाती झाली नाही. मी बऱ्याच वर्षांनी विचारलं, तर म्हणाले, "कुणीच न्हाई. पहिली जागा रिकामी ठेवायची असती."

आमचं कॉलेज हायवेच्या कडेला आहे आणि वळणावर ट्रकांचं वजन करायचा काटा आहे. त्याच्या पाटीवर 'धर्मकाटा' असं लाल अक्षरांत लिहिलेलं. ट्रक वर चढतो, आकडा पडतो आणि ड्रायव्हरनं कितीही आरडाओरडा केला तरी तो बदलत नाही. कुठल्याशा बॅचनं ते नाव सरांना लावलं आणि ते चिकटलं. सरांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "तुमच्या बॅचनं केलेल्या कामांत हे पहिल्या तिनात येईल." ते इतिहास शिकवत. उंच, वाकलेले, खालची दातांची कवळी बोलताना सुटायची आणि ती जिभेनं जागेवर बसवेपर्यंत समोरच्याला आपल्या निकालाची वाट बघत उभं राहावं लागायचं.

त्यांचं खरं वेड म्हणजे कॉलेजांचे नंबर. देशातल्या आर्ट्स कॉलेजांची क्रमवारी छापणारं एक इंग्रजी मासिक वर्षातून एकदा नळदुर्गच्या स्टँडवर यायचं. ते घेऊन सर लाल पेनानं खोडायला बसत. "ह्यांनी इमारती मोजल्यात," असं पुटपुटत. त्यांची स्वतःची रीत वेगळी होती. सुट्ट्यांत ते एसटीनं सोलापूर, लातूर, पार पुण्यापर्यंत जात, दिसेल त्या आर्ट्स कॉलेजात शिरत आणि शिपायाला सांगत, "तुमच्या कॉलेजचा नंबर लावायला आलोय." बहुतेक ठिकाणी त्यांना हाकलत. कसं हाकललं याचेही गुण असत. जिथं आत घेतलं तिथं ग्रंथालयातली कुठलीही दहा पुस्तकं काढून, ती शेवटची कधी बाहेर गेली ते शिक्के बघत. मुलांच्या नळाचं पाणी पीत. मग यादी तयार व्हायची आणि आमच्या स्टाफरूमच्या भिंतीवर लागायची. ती दोन नंबरापासून सुरू व्हायची. आमचं कॉलेज शेवटून दुसरं होतं. शेवटचं होतं ते बंद पडलेलं होतं.

'लिबरल आर्ट्स' हा शब्द आमच्याकडं आला तेव्हा सर वर्गात पोट धरून हसले होते. एरवी ते हसत नसत. "आपल्याकडं आर्ट्सला कोण येतं? सायन्समधून गळालेलं. घरचे म्हणतेत, जाऊ द्या, आर्ट्सला टाका. तिकडं तोच इतिहास, तीच भाषा लाखात विकायलेत. इकडं वाया गेलेलं, तिकडं लिबरल." तरीही पुण्याकडच्या एका लिबरल आर्ट्स कॉलेजला त्यांनी तीन नंबर दिला होता. तिथल्या ग्रंथालयात दहापैकी नऊ पुस्तकं त्याच महिन्यात बाहेर जाऊन आली होती आणि हाकलण्याआधी सरांना खुर्ची दिली होती.

कॉलेजला श्रेणी द्यायला समिती आली ती गोष्ट आमच्याकडं अजून सांगतात. प्राचार्यांनी सोलापूरच्या नर्सरीतून कुंड्या आणवल्या होत्या, दुसऱ्या कॉलेजातून पुस्तकं आणून कपाटं भरली होती, मुलींना साड्या नेसवून दारात उभं केलं होतं. समितीतल्या एका गृहस्थांनी सहज बोलायचं म्हणून सरांना म्हटलं, "परिसर छान ठेवलाय." सर म्हणाले, "कुंड्या भाड्याच्या हायत. संध्याकाळी टेम्पो येणार हाय." श्रेणी खालची आली. त्या वर्षी ज्यांची कामं अडली त्यांनी सरांशी बोलणं सोडलं, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही सोडलं असतं. सरांनी नव्या यादीत कॉलेजला त्या एका वर्षापुरतं एक जागा वर घेतलं. "समितीसमोर एक तरी माणूस खरं बोलला," हे कारण त्यांनी समासात लिहिलं होतं.

आता माझं सांगते. मी जळकोटची. आमचं घर मेंढरांचं, अण्णा वर्षातले कितीतरी महिने कळप घेऊन बाहेर. बारावीला मी कॉलेजात पहिली आले आणि त्या पुण्याच्या, सरांच्या यादीतल्या तीन नंबरच्या कॉलेजचा अर्ज भरला. तिथं गरिबाघरच्या काही मुलांना सगळं शिक्षण, राहणं, जेवण माफ होतं. मिळालं तर पुणं, नाही मिळालं तर शेवटून दुसरं, एवढाच माझा हिशोब होता. अर्जाबरोबर शिक्षकानं भरायचा एक फॉर्म होता. त्यात विचारलं होतं: तुम्ही आजवर शिकवलेल्या सर्व विद्यार्थ्यांमध्ये ही विद्यार्थिनी कुठे बसते? पुढं चौकोन होते. पहिल्या एक टक्क्यात, पाच टक्क्यांत, दहा, पंचवीस, निम्म्यात.

दुसरा कुणी मास्तर असता तर उभ्या उभ्या खूण करून मोकळा झाला असता. सरांनी कपाटातून आपल्या सगळ्या नोकरीचे हजेरीपट काढले आणि दोन दिवस एकेका नावावर बोट ठेवून माणूस आठवत बसले. तिसऱ्या दिवशी मी अण्णांना घेऊन गेले, कारण त्यांची सही लागत होती. फॉर्म बंद पाकिटात द्यायचा होता, पण सरांनी तो उघडाच माझ्यासमोर ठेवला. "माघारी लिहायची मला सवय न्हाई," ते म्हणाले. खूण पंचविसावर होती. खाली त्यांच्या सुबक इंग्रजीत लिहिलं होतं, की दिलेलं नीट लिहिते, पण विचारत नाही.

"पंचविसात बसती," सरांनी अण्णांना सांगितलं.

"मंजी चांगलं व्हय?" अण्णांनी विचारलं.

"चांगलं हाय. शंभरातल्या पंच्याहत्तरांच्या वर."

अण्णांनी हात जोडले. खरंच जोडले, मान खाली घालून. परतताना एसटीत शेजारी बसलेल्या प्रत्येकाला ते सांगत होते, "सरांनी आमच्या पोरीला पंच्याहत्तर पोरांच्या वर बसवलं." मी खिडकीकडं तोंड करून बसले होते.

निघण्याआधी मी सरांना एवढंच विचारलं होतं, "सर, मी तर पहिली आले."

"परीक्षेत. ह्यांनी परीक्षेचं विचारलं न्हाई."

"मग पहिल्या टक्क्यात कोण आहे?"

"मल्हारी."

मल्हारी माझ्या तीन वर्षं पुढं होता. कॉलेज अर्ध्यात सोडून तो ढाब्यावर तंदूर सांभाळत होता, तोच तो सहाव्या नंबरच्या चहाचा ढाबा. "किल्ल्याचा धडा चालू होता," सर म्हणाले. "नळदुर्ग अभेद्य, असं मी लिहून दिलं. मल्हारी उठला अन् म्हणाला, सर, अभेद्य होता तर इतक्या जणांनी घेतला कसा? तू माझं तेच वाक्य परीक्षेत लिहिलंस, नंदा. अक्षर चांगलं होतं. मी पैकीच्या पैकी दिले."

पुण्याहून दोन ओळींचा नकार आला. पुढं एका शिबिरात त्या कॉलेजात काम केलेल्या एक बाई भेटल्या. त्या म्हणाल्या, "अहो, पाच टक्क्यांच्या खालची खूण असली की आम्ही तो फॉर्म बाजूलाच ठेवायचो. सगळे शिक्षक पहिल्या टक्क्यातच टाकतात ना." मी त्याच आठवड्यात जाऊन सरांना हे सांगितलं. त्यांना वाईट वाटावं, एवढ्याचसाठी सांगितलं. त्यांनी कवळी जागेवर बसवली. मग म्हणाले, "सगळे पहिल्यात? मग बाकीचे नव्याण्णव कुठं शिकायलेत?" माफी त्यांनी मागितली नाही. मी त्यांचा मनापासून द्वेष केला आणि त्यांच्याचकडं शिकत राहिले, कारण शेवटून दुसऱ्या कॉलेजात दुसरं कुणी शिकवत नव्हतं. दर रविवारी ते मला घरी बोलवत, एखादं पान पुढं ढकलत आणि म्हणत, "ह्यात चुकलेलं काय ते सांग." पहिली दोन वर्षं मला काही सापडलं नाही. तिसऱ्या वर्षी त्यांच्याच एका टिपणात सापडलं, तेव्हा त्यांनी उठून स्वतः चहा केला. त्या चहाला नंबर दिला नाही.

आज मी त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. लागले त्या दिवशीच ठरवलं होतं, की आपल्या हातानं कुणाच्या लेकराला पंचविसात ढकलायचं नाही. फॉर्म आता मोबाईलवर येतात. कुणीही आलं की मी पहिल्या टक्क्यावर बोट ठेवायची. कच्ची, पक्की, कॉपी करून पास झालेली, सगळी माझी पोरं पहिल्या टक्क्यात. मुलं मला लई मायाळू म्हणायची आणि मला ते आवडायचं.

मग सरांची नात माझ्या वर्गात आली. रेवा, त्यांच्या मुलीची मुलगी, बाप नसल्यामुळं आईबरोबर आजोबांकडं राहिलेली. तिनं एकदा माझ्यादेखत सरांना विचारलं होतं, "आजोबा, पहिली जागा रिकामी ठेवली तर दुसऱ्यानं आपण दुसरे हाव हे कुणाकडं बघून समजायचं?" सरांनी तो प्रश्न आपल्या यादीच्या समासात लिहून घेतला. त्या माणसाला दुसऱ्याचा प्रश्न लिहून घेताना मी तेवढं एकदाच पाहिलं. रेवानं पुण्याचा तोच अर्ज भरला आणि शिफारशीला माझं नाव दिलं. सर तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. मी मुद्दाम त्यांच्यासमोर बसून फॉर्म भरला. पहिला टक्का. आयुष्यात पहिल्यांदा ती खूण खरी होती.

"बाकीच्यांना किती घातलंस?" सरांनी विचारलं.

"सगळ्यांना हेच," मी म्हणाले, थोडी तोऱ्यातच.

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं दमले असतील.

पंधरा दिवसांनी पुण्याहून एका तरुण मुलीचा फोन आला. फार नम्र बोलत होती. "मॅडम, आतापर्यंत तुमच्याकडून आलेले सगळेच विद्यार्थी पहिल्या एक टक्क्यात आहेत. ही विद्यार्थिनी नक्की कुठं बसते?"

"ही खरंच आहे," मी म्हणाले. "ही वेगळी आहे."

"हो मॅडम," ती म्हणाली, "ते तुम्ही आधीच्यांबद्दलही लिहिलं होतं."

रेवालाही दोन ओळींचाच नकार आला. मी सरांकडं गेले. मला शिव्या हव्या होत्या. त्यांनी आवाजही चढवला नाही. "तू कुणाला खाली बसवलं न्हाईस," ते म्हणाले, "म्हणून हिला वर बसवता आलं न्हाई." रेवा उशाशी औषध मोजत होती. तिनं मान वर केली नाही. पुढं सरांशी माझं जे काही बोलणं झालं ते ताप किती आणि जेवले का, एवढंच. पावसाळा संपता संपता ते गेले. शोकसभेत प्राचार्यांनी त्यांना महाराष्ट्रातल्या सर्वश्रेष्ठ शिक्षकांपैकी एक म्हटलं. सरांनी ते लाल पेनानं खोडलं असतं, असं मनात आलं आणि मी तिथं सगळ्यांसमोर हमसून हमसून रडले. घर रिकामं करताना रेवाच्या आईनं त्यांचे हजेरीपट माझ्याकडं पाठवून दिले.

यंदा सारिका नावाची एक मुलगी वडिलांना घेऊन आली. बारावीला पहिली आलेली, अक्षर सुरेख. मी तिला दोन दिवस थांबवलं. माझे हजेरीपट काढले आणि एकेका नावावर बोट ठेवत गेले. मग फॉर्म तिच्यासमोर उघडून खूण केली. पंचवीस.

"मंजी चांगलंच ना, मॅडम?" तिच्या वडिलांनी विचारलं.

"चांगलं आहे. पंच्याहत्तरांच्या वर."

त्यांनी हात जोडले. सारिका माझ्याकडं बघत राहिली. ती नजर मला ओळखीची होती.

"मॅडम, मग पहिल्या टक्क्यात कोण हाय?"

"रेवा."

"त्या कुठं शिकायल्यात?"

"शिकत नाही," मी म्हणाले. "लग्न होऊन भूमला गेली. तिच्या नवऱ्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं बसून ती पोरांचे प्रवेशाचे फॉर्म भरून देते."