आजी दर्शनाहून येईपर्यंत

शिर्डीच्या बाबांवर माझा विश्वास होता, स्वतःवर नव्हता. पोटात बाळ, आणि रोज सकाळी बोट मिशरीच्या डबीत. दवाखान्यातल्या बाईंनी बजावलं होतं. मी दोनदा शपथ घेतली, दोनदा मोडली.

सवय आईनंच लावली, वाईट मनानं नव्हे. सहावीत शाळा सुटली, ऊसतोडीवर दाढ ठणकली, तेव्हा तिनं जळक्या तंबाखूची ती काळी पूड हिरडीला चोळली. दाढेचा ठणका थांबला, भूकही मेली. पुढं लग्न होऊन खर्ड्याकडची मी शिर्डीत हार गुंफायला बसले. तिथं आम्हा बायकांचा दिवस शांतामावशीच्या डबीनंच उघडायचा. नको म्हटलं की, "बया, साहेबीण झाली!" परक्या गावात तेवढीच माणसं माझी. त्यांच्यातून उठून एकटं बसायची भीती तलफेपेक्षा मोठी होती.

एका गुरुवारी सकाळी एक म्हातारी आली. तोंडातलं बोट पदराला पुसून मी हार बांधून दिला. तिनं तो सरळ नाकाला लावला. मी ओरडलेच, "आजी, देवाच्या फुलांचा वास घेत न्हाईत!"

"व्हय गं, चुकलंच. पण गुलाबाला तंबाखूचा वास कसा, म्हून बघितलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र हसली नि हार माझ्याच गळ्यात घातला. "आता ह्यो बाबांना चालायचा न्हाई. तुझ्या पोटात बसलाय त्या देवाला घे." बाटलीतल्या पाण्यानं माझी बोटं धुतली, दोन लवंगा दिल्या. "मी दर्शन करून येते. तवर तोंडात बोट घालू नको. तेवढं जमंल?"

तेवढं जमेल वाटलं. जन्मभराचं तिनं मागितलंच नव्हतं.

दुपारी डोकं फुटायला आलं, गाठ मारताना दोरा तुटला. डबी पुढं आली, तर म्हटलं, "आजी येऊ द्या." आजी आली नाही. दुसऱ्या दिवशीही रांग होतीच. वाटलं, असेल त्यात. शांतामावशी चिडवायची, "आली का गं तुझी आजी?" मी नाही म्हटलं की स्वतःच डबी कमरेला खोचायची. पुढं तर माझ्यासमोर ती उघडेनाशीच झाली.

आजी कोण, मला माहीत नाही. गाडीची वेळ झाली असेल. बाबांकडे मी जन्माची ताकद मागत होते. त्यांनी एका दर्शनापुरती दिली, तीच रोज पुरते.

आता लेकीला दात येतायत. परवा आई फोनवर म्हणाली, "हिरड्यांना जरा मिशरी चोळ, गप झोपंल." मी हात धुऊन नुसतं बोट दिलं. कडकडून चावली. तलफ अजून येते, खोटं कशाला बोलू? मग रांगेकडे बघते नि मनात म्हणते, आजी, घाई करू नका. सावकाश दर्शन घ्या.