कुत्र्याचा वाटा
वाशीमला आमच्या गल्लीत परवा कोणी तुरीच्या वाळल्या तुराट्या पेटवल्या, त्यात केस जळल्याचा वास मिसळला, आणि मला गावाकडची ती डुकरीण आठवली. आमचा कुत्रा हरभऱ्याच्या राखणीला असायचा. संध्याकाळी नाल्यातून रानडुकरीण पिल्लं घेऊन वर आली, की हा शेताच्या बांधावर, धुऱ्यावर उभा राहून भुंकायचा आणि ती मुकाट परत फिरायची. धुरा त्यानं कधी ओलांडला नाही, तिनंही नाही. पण शिकारीला जाणाऱ्या शेजाऱ्याला त्याचं भुंकणं तेवढं ऐकू आलं. "तुमचा कुत्रा वाघ हाय, आजच्या दिवस द्या आमाले," म्हणत तो त्याला घेऊन गेला. दुपारी डुकरीण बांबूला लटकून आली. देवळामागे तुराट्यांच्या जाळावर तिचे केस जाळताना मी विचारलं, "आमचा कुत्रा कुठी हाय?" शेजारी हसला. "त्याचं तं पोट फाडलं हिनं. नाल्यातच पडून हाय." मग पळसाच्या पानात बांधलेलं मटण त्यानं बाबांच्या हातात ठेवलं. शिकारीत कुत्र्याचाही वाटा निघतो आणि तो मालकाच्या घरी जातो. "घ्या, मेला म्हून काय वाटा बुडते का त्याचा?" बाबांनी घेतलं. आईनं शिजवलं. रस्सा चांगला झाला होता, खोटं कशाला बोलू. पण परवा त्या धुरात मला दिसली ती जेवणानंतरची आई, ताटांतली हाडं गोळा करून, रोजच्या सवयीनं दारात उभी राहून "यू, यू" करत त्याला बोलावणारी.