बबनभाऊची बेचकी

काल इथं एकानं विचारलं होतं, होळीच्या आसपास नेवाशाकडच्या धरणाच्या फुगवट्यावर गळ टाकायला कुठं बसावं? आज सकाळीच जाऊन आलोय म्हणून सांगतो. खडकाकडं चिलापी लागते, बुडालेल्या बाभळींपाशी मरळ. सगळ्यात चांगला कोपरा बबनभाऊचा. पण तिथं बसू नका.

गळाची काठी टेकवायला आम्ही काठावर एक बेचकी रोवतो. ज्याची बेचकी, त्याची जागा. या दिवसांत पाणी रोज मागं हटतं, म्हणून सकाळी पहिला येणारा सगळ्यांच्या बेचक्या उपटून पाण्याजवळ रोवतो.

बबनभाऊ संक्रांतीनंतर गेला. त्याची बेचकी कुणी काढली नाही आणि पुढंही घेतली नाही. पाणी सरकत गेलं, ती भेगाळलेल्या गाळात एकटीच उभी राहिली.

आज म्हातारे योहानकाका माझ्याआधी आले होते. बघतो तर भाऊची बेचकीही पाण्याला लावलेली.

"काका, हे काय केलं?"

"सवयीनं झालं रे. उपटल्यावर ध्यानात आलं. मग टाकून कशी द्यायची?"

दोघंही गळ न टाकताच बसून राहिलो. भाऊच्या कोपऱ्यात मासे लई उसळत होते.

निघताना काका म्हणाले, "उद्या मी न्हाई येत. तूच पहिला असशील."

उद्या पाणी अजून मागं गेलेलं असणार. सांगा, भाऊची बेचकी पुढं घेऊ, का तिथंच सोडू?