बैलाच्या कपाळावरचा बिल्ला

यंदा पोळ्याला सगळे बैल बघत होते आणि मी बैलाची बटणं बघत बसले होते... आता बैलाला बटणं कुठून, ते सांगते.

जालन्यात आमचं युनिफॉर्म शिवायचं दुकान आहे. शकीला तिथं वीस वर्षांपासून काज-बटणाचं काम करते. तिचं माहेर शहागडजवळच्या एका खेड्यात, आणि यंदा तिनं मला हट्टानं पोळ्याला नेलं.

तिच्या वडिलांची, हमीदचाचांची, ऐंशी उलटली. पण बैलजोडी अजून स्वतःच्या हातानं सजवतात. रंगवलेली शिंगं, झूल, गोंडे... आणि एका बैलाच्या कपाळावर चामडी पट्टा. त्यावर सहा पितळी बटणं आणि मधोमध बैलाच्या शिंगांसारखा दिसणारा एक बिल्ला.

माझी नजर तिथंच अडकली. जुन्या फौजांची बटणं, बिल्ले, पदकं गोळा करायचा मला नाद आहे. नवरा म्हणतो, आपल्या घरात चोर शिरला तर दया येऊन तोच काहीतरी ठेवून जाईल.

बटणावर निजामाच्या पगडीचा शिक्का होता, खाली पुसट उर्दू अक्षरं. दर पोळ्याला चिंच आणि राख लावून घासतात म्हणे. जुन्या पितळेचा काळपटपणा आम्ही जिवापाड जपतो, आणि इथं सत्तरच्या वर पोळे घासून झालेले. पण बैल त्यांचा, पितळ त्यांचं.

मिरवणूक झाल्यावर चाचांनी मला बाजेवर बसवलं. "अब्बा निजामाच्या फौजेत व्हते, इतकंच मालूम हाय. पोलीस ॲक्शन झाली, निजाम हरला, तवा मी चार-पाच सालाचा. अब्बा घरी आले अन् वर्दी चुलीत घातली. पितळ काय जळंना. मंग पुढच्या पोळ्याला बैलाच्या पट्ट्यावर शिवून टाकलं. बैलाची झडती कोन घेनार?"

मी हसले. ते हसले नाहीत.

"गावात आमच्या घराला रझाकाराचं घर म्हनतेत, गावं जाळनाऱ्या टोळीतलं. अब्बा कधी हो म्हनले न्हाई अन् न्हाई बी म्हनले न्हाई. तुमी वर्दीतल्या जानकार, ताई. बराबर बघा... जे आसंल ते सांगा."

माझा छंद म्हणजे तोवर एक खेळ होता. या माणसानं हा प्रश्न आयुष्यभर छातीवर वागवला होता आणि उत्तर वाईट निघालं तरी ऐकायची त्यांची तयारी होती. मला खरंच भीती वाटली.

बटणं निजामाच्या नियमित फौजेची, रझाकारांची नव्हेत, हे मी तिथंच सांगितलं. पण बटणं कुणाचीही कुणाकडे जातात, तेवढ्यावर छातीठोक बोलता येत नाही. बिल्ल्याची मागची बाजू बघायला हवी होती. चाचांनी स्वतःच टाके उसवले.

मागची बाजू कधी घासलेलीच नव्हती, काळीभोर होती. तिला दोन कड्या, आणि एका कडीत गंजलेली पिन. म्हणजे हा बाहीवर लावायचा बिल्ला... फौजेत कोण काय काम करतं, ते सांगणारा. पण शिंगांचं काम कोणतं?

बिल्ला घेऊन मी जालन्याला आले आणि आठवडाभर पुस्तकं, जुने फोटो चाळत बसले. फौजेत बैलांच्या गाड्या हाकणारा असेल, असं मी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं. बैलाच्या कपाळावर बघितला ना... डोक्यातून बैल जाईचना.

एका दुपारी शकीला एका शाळेच्या बँडपथकाची ऑर्डर घेऊन बसली होती. बाहीवर लावायचे भरतकामाचे बिल्ले तिनं टेबलावर ओतले. मी एक उचलला आणि उचललेलाच राहिला. तीच दोन शिंगं, मधे त्याच बारीक उभ्या रेघा. ती शिंगं नव्हतीच, ते एक विलायती तंतुवाद्य होतं आणि त्या रेघा म्हणजे तारा. जगभर फौजांचे वाजंत्री हीच खूण लावतात. मी स्वतः ती वर्षानुवर्षं शिवत आले होते... काखेत कळसा आणि गावाला वळसा.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गावी गेलो. मी चाचांना सांगितलं, "अब्बा फौजेच्या बँडमध्ये होते. वाजवायचे." हेही सांगितलं, की बिल्ला फक्त नोकरी सांगतो, माणसाचा सगळा जन्म सांगत नाही.

चाचा बराच वेळ बिल्ल्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"कोनाची बी वरात निघाली का अब्बा जेवन टाकून बँडवाल्यापाशी जाऊन हुबे ऱ्हायचे," ते म्हणाले. "लोक हसायचे. अम्मी मला धाडायची... मी त्यायचा हात धरून वढून आनायचो."



निघताना ते मला बिल्ला देत होते. माझ्यासारखीनं नाही म्हणावं, ही मोठीच गोष्ट... पण मी जाड दोरा मागितला आणि तो परत पट्ट्यावर शिवून दिला. चिंच लावू नका, एवढंच सांगितलं. इतक्या वर्षांच्या माझ्या छंदाचं त्या घरात सोनं झालं, त्याबद्दल शकीलाचे आभार कसे मानू कळत नाही.

परवा त्यांच्या गावात एक वरात होती. शकीला सांगत होती, चाचा ताट बाजूला सारून उठले आणि काठी टेकत बँडवाल्यांपाशी जाऊन उभे राहिले. वरात पुढं जाईपर्यंत त्यांना कुणी बोलवायला गेलं नाही.