जिना कुठाय, अप्पा?

परंड्यातल्या आमच्या नव्या घरात सगळं होतं, फक्त माळवदावर जायला जिना नव्हता.

निजामाचं राज्य जाऊन दहा-एक वर्षं झाली असतील. हे तहसील कचेरीत कारकून, मी कन्याशाळेत शिक्षिका. आम्ही अप्पा गुत्तेदारांकडून नवं घर बांधून घेतलं. नमुना म्हणून अप्पांनी पलीकडच्या गल्लीतलं त्यांनीच बांधलेलं एक घर दाखवलं होतं. "बाई, डोळे झाकून घ्या. हुबेहूब असंच देतो!" (आम्ही खरोखरच डोळे झाकले!) त्या घराला छान दगडी जिना होता. आमच्याकडं जिन्याच्या जागी नुसती भिंत होती, तीही ओली.

"जिना कुठाय, अप्पा?"

"शिडी लावा की! जिन्यानं जागा किती खाल्ली असती, सांगा बरं?"

सासूबाई मटकन खाली बसल्या. त्यांचा सगळा उन्हाळा माळवदावर जायचा. पापड, कुरडया, सांडगे. शिवाय वाळवण राखताना चार घरांच्या माळवदांवरच्या बायकांशी गप्पा. साठी उलटलेली बाई नऊवारी सावरत शिडी कशी चढणार? "राहू दे गं," त्या म्हणाल्या, "औंदा कुरडया न्हाय केल्या तरी चालंल." त्या 'चालंल'नं मला रात्रभर झोप लागली नाही.

तेव्हा अशा तक्रारीचा अर्ज कुठं द्यायचा, हे कचेरीत बसून ह्यांनाही माहीत नव्हतं. चार वजनदार माणसांसमोर बोलणं हाच कायदा! म्हणून मी ठरवलं, वास्तुशांतीला अप्पांना सगळ्यांदेखत धरायचं. यादीशिवाय मला साधा चहा जमत नाही. त्यामुळं दिवसभराची यादी करून ह्यांच्या हातात दिली: पूजा, नैवेद्य, अप्पांना फेटा-नारळ, जेवणं, गवंड्याची शिडी परत, आणि सर्वांत शेवटी जिना. (पोट भरलेला माणूस नरम पडतो, हे माझं शास्त्र!)

हे यादीच्या बाहेर पाऊल टाकणारे नव्हेत. फेटा बांधताना म्हणायची दोन वाक्यंही मीच लिहून दिली होती, आणि ती ह्यांनी खणखणीत आवाजात वाचली: "अप्पांनी कबूल केल्याप्रमाणे घर दिलं. आम्ही समाधानी आहोत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिष्टाचार म्हणून मीही वाजवल्या!

पहिली पंगत उठली. मी जिन्याचा विषय काढला. अप्पांनी फेट्याला हात लावला.

"बाई, फेटा बांधला म्हंजी काम पसंत. ही काय आजची रीत हाय व्हय?"

शेजारचे पाटीलकाका ढेकर देऊन म्हणाले, "आता बोलायला जागा न्हाय राहिली, बाई. तुमीच बुजवली!"

मी भडकले. "बरं! माळवदाला भेग पडलीय, ती तरी बघा!" पदर खोचला आणि शिडीवरून तरातरा वर गेले. मागून फेटा सावरत अप्पा आले. मी भेग दाखवतेय, ते "ही भेग न्हाय, माती वाळलीय" म्हणताहेत, तोवर खाली दुसरी पंगतही उठली. मी वळून बघते तर शिडी नाही!

"अहो! शिडी कुठंय?"

"दिली की गवंड्याला!" हे खालून अभिमानानं म्हणाले. "यादीत होतं!"

वैशाखातली भर दुपार. माळवदाची पांढरी माती तव्यासारखी तापलेली. पूजेचं घर, म्हणून दोघंही अनवाणी. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर, अप्पाही तसेच. खालून बघणाऱ्यांना वाटलं असेल, वर फुगडीच चाललीय!

"अरं, शिडी आणा रं कुणीतरी!" अप्पा ओरडले.

सासूबाई अंगणात आल्या. कपाळावर हात धरून त्यांनी वर बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "शिडी कशाला, अप्पा? या की जिन्यानं!"

हास्याचा असा स्फोट झाला की पाटीलकाकांना ठसका लागला. डोळे पुसत ते म्हणाले, "अप्पा, जिना लागतोयच की ओ!"

"देतो! समद्यांदेखत सांगतो, देतो! किती पायऱ्या पायजेत, बाई?"

"तेरा!" मी नाचता नाचता ओरडले. नमुन्याच्या घरात मी स्वतः मोजल्या होत्या.

"तेरा! ऐकलं समद्यांनी?" अप्पांनी खाली वाकून विचारलं.

सगळ्यांनी ऐकलं होतं. आठ दिवसांत दगडी जिना झाला. पक्का, सुबक आणि मोजून तेरा पायऱ्यांचा. फक्त 'नमुन्यापेक्षा आमचं माळवद हातभर उंच घ्या' हेही मीच पूर्वी सांगितलं होतं, ते त्या चटक्यांत माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं!

पुढं सासूबाई होत्या तोवर दर उन्हाळ्यात आमचा एक कार्यक्रम ठरलेला. त्या तेराव्या पायरीवर येऊन थांबायच्या, मी वरून दोन्ही हातांनी त्यांना ओढून घ्यायची. वर आल्या की दम खात, शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात त्या विचारायच्या,

"का गं, शाळेत कुठला विषय शिकवतीस तू?"

आणि मी मान खाली घालून कुरडया पसरत सांगायची, "गणित."